तांतीनचं देणं

मॉरिशसमध्ये साठी ओलांडलेल्या माणसाला बसचं तिकीट पडत नाही. २००५ सालापासूनची ही सोय. बहुतेक म्हातारी माणसं तिच्यावर बाजार, दवाखाना आणि लेकींची घरं उरकतात. आमच्या शेजारच्या तांतीनने मात्र त्या फुकट प्रवासावर बेटातली जवळपास सगळी चित्रप्रदर्शनं पाहिली, आणि मी तिच्या हाती लागल्यावर मलाही पाहायला लावली. माझं तिकीट मी काढायचे. तिला त्याचं वाईट वाटायचं.

तांतीन म्हणजे तिथल्या क्रिओलमध्ये मावशी, काकू, आत्या सगळंच. गल्लीतली पोरं तिला तशी हाक मारायची, म्हणून मीही. नवऱ्याची नोकरी एबेनच्या आयटी कंपन्यांच्या इमारतींत आणि आमचं भाड्याचं घर रोझ हिलला. तांतीन पलीकडच्या कुंपणाआड राहायची. सरकारी प्राथमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. तिचं मराठी घरातलं नव्हतं. घरात क्रिओल, वर्तमानपत्र फ्रेंच. मराठी तिला वडिलांनी संध्याकाळच्या बैठकेत, म्हणजे गावातल्या शिकवणीत, गिरवायला लावलं होतं. त्यामुळे ती माझ्याशी क्रमिक पुस्तकासारखं बोले. पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून म्हणाली, "मुली, आपण दिवसभर काय करता? शुक्रवारी मी आपणास एक प्रदर्शन दाखवण्यास नेईन." नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

मी पुण्यात वाढले. बालगंधर्व रंगमंदिरात नाटकं पाहिली, पण तिथल्या कलादालनाचा जिना चढल्याचं आठवत नाही. चित्रं ही ज्यांना कळतात त्यांची, असा आमच्या घरात एक न बोललेला समज होता. तांतीनला चित्रांतलं काय कळायचं, हे मला आजही सांगता येणार नाही. तो प्रश्नच तिला कधी पडला नव्हता.

तिकडे प्रदर्शन उघडतं ते वेर्निसाजने. संध्याकाळी पाच-साडेपाचला माणसं जमतात, कुणीतरी पालिकेतलं किंवा मंत्रालयातलं दोन शब्द बोलतं, मग फळांचा रस, वाइन आणि गातो-पिमां, म्हणजे डाळीचे मिरची घातलेले छोटे वडे. तांतीनच्या हिशेबी तिथे जाणं लग्नाला जाण्यासारखं होतं: सोयरीक आपल्याला पसंत असो वा नसो, हजेरी लावायची. मॉरिशस हे बेट पुणे जिल्ह्याच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढं. चित्रकार कुणाचा तरी भाचा असतो, फ्रेम बनवणारा कुणाचा तरी जावई. आपण गेलो नाही तर ते दिसतं. मोठ्या शहरात प्रेक्षक न येण्याचं दुःख चित्रकाराला एकट्यालाच सोसावं लागतं. इथे गैरहजेरीचा जाब बाजारात भाजी घेताना विचारला जातो.

ती आधी एक झपाट्याची फेरी मारायची, मग दोन गातो-पिमां कागदी रुमालात घ्यायची, आणि मग एकाच चित्रासमोर खुर्ची ओढून बसायची. बाकीच्यांकडे ढुंकून बघायची नाही. एकदा रोझ हिलच्या माक्स बूले गॅलरीत ती ज्या चित्रासमोर बसली ते मला सगळ्यांत सामान्य वाटलं होतं: उसाचं शेत, मधे काळ्या दगडांचा ढीग. ती म्हणाली, "हे दगड ज्यांनी उचलले त्यांना कोणी रंगवत नाही. यानेही रंगवले नाही. पण ढीग नीट रंगवला आहे." मॉरिशसच्या शेतांत असे ढीग ठिकठिकाणी दिसतात. ज्वालामुखीची जमीन ती, ऊस लावायचा तर आधी दगड वेचावे लागले, आणि ते वेचले आधी गुलामांनी, नंतर हिंदुस्थानातून आलेल्या करारबद्ध मजुरांनी. त्यानंतर मला बसच्या खिडकीतून तो देश वेगळा दिसायला लागला. समुद्रकिनाऱ्यावर हे मला कुणी शिकवलं नसतं.

चित्रकाराला ती विचारायची ते प्रश्न व्यवहारी असत. कापड कुठून आणलं, रंगाच्या ट्यूबला किती पडले, सुकायला किती दिवस लागले. आधी मला संकोच व्हायचा. मग लक्षात आलं, चित्रकार याच प्रश्नांवर खुलतात. बेटावर रंग आणि कॅनव्हास बाहेरून जहाजाने येतात. दर वाढले की चित्रांचा आकार कमी होतो. हे कुठल्याही कॅटलॉगमध्ये लिहिलेलं नसे. ते मला तिच्या चौकशांतून कळलं.

माक्स बूले गॅलरीला लागूनच प्लाझा. रोझ हिलच्या पालिकेचं हे जुनं, देखणं नाट्यगृह. तिथल्या रंगमंचाचे पडदे आणि देखावे पूर्वी सर्ज कोंस्तांतें नावाचे चित्रकार रंगवायचे. पुढे वाकोआ शहरातल्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव दिलं गेलं. राजधानी पोर्ट लुईचं जुनं नाट्यगृह तर १८२२ सालचं. मी तिथे होते तेव्हा त्याच्या दारांना कुलूपच होतं. नॅशनल आर्ट गॅलरीचीही गत तशीच, कायदा १९९९ चा आणि हक्काची कायमची इमारत नव्हती. तांतीन यावर चिडायची, पण चिडूनही जायची थांबायची नाही. "इमारत नाही तर आपण भिंत शोधू," असं म्हणत ती पालिकेच्या दालनांपासून कोदांच्या धक्क्यावरच्या कला केंद्रापर्यंत सगळीकडे फिरायची.

ब्लू पेनी संग्रहालयात मात्र ती मला चित्रांसाठी नेत नव्हती. तिथे १८४७ सालची ती दोन जगप्रसिद्ध टपाल तिकिटं आहेत, नारिंगी एक पेनीचं आणि निळं दोन पेनीचं. उजेडाने रंग उडू नयेत म्हणून त्यांच्यावरचा दिवा तासातून थोडी मिनिटंच लागतो. एरवी प्रतिकृती बघायच्या. पर्यटक घड्याळाकडे डोळे लावून थांबतात. त्या वेळात तांतीन मला प्रोस्पेर देपिनेच्या संगमरवरी शिल्पासमोर उभं करायची, फ्रेंच कादंबरीतल्या पॉल आणि विर्जिनीच्या. मुलगा मुलीला उचलून ओढा ओलांडतोय. १८८१ सालचं काम. "तिकीट पाहण्यास जग येते," ती म्हणाली, "ह्याचे पाय पाहण्यास कोणी येत नाही." खरंच, त्या मुलाच्या पायांत जो तोल आहे तो पाहण्यासारखा आहे. माझ्या मते त्या इमारतीतली सर्वांत मोलाची वस्तू ती.

एकदा आमच्या वाट्याला अपमानही आला. एका खासगी गॅलरीत, नाव घेत नाही, दारातल्या बाईंनी तांतीनच्या हातातली वाकोआ झाडाच्या पात्यांची विणलेली पिशवी पाहून सामान पोचवायची वाट मागच्या बाजूने असल्याचं सांगितलं. तांतीनने त्यांना शांतपणे सांगितलं, "मो पे गेत ताब्लो." मी चित्रं बघतेय. आणि गेली आत. मी मागे राहून भांडणार होते, तर तिने आतून हाक मारली: "मुली, तेथे पाहण्यासारखे काही नाही."

पोर्ट लुईच्या बंदरातल्या आप्रवासी घाटावर, जिथे करारबद्ध मजूर उतरायचे, आम्ही मोकळ्या दिवसाची वाट पाहून गेलो. १८४९ मध्ये बांधलेल्या त्या आवारातला थोडासाच भाग आज उरलाय, तरी बंदराकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या आहेत. १८३४ पासून साडेचार लाखांच्या वर माणसं हिंदुस्थानातून या बेटावर आली. मुंबई बंदरातून निघालेल्यांत कोकणातले आणि देशावरचे मराठी लोक होते. २००६ मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली. मला वाटलं होतं, तांतीन इथे रडेल. ती कठड्याला टेकून उकडलेल्या शेंगा सोलत होती. तिचं आडनाव हे तिच्या खापरपणजोबांचं पाळण्यातलं नाव आहे. उतरवून घेणाऱ्या कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं आणि तेच घराण्याला चिकटलं. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांचं दफ्तर आहे, तिथे तिने खापरपणजोबांचा क्रमांक शोधून काढला होता. तो तिला पाठ होता.

शेंगा संपल्यावर ती उठली आणि थेट समोरच्या अठराव्या शतकातल्या फ्रेंच लष्करी रुग्णालयाकडे निघाली. तिथे आता गुलामगिरीचं संग्रहालय आहे. मी दमले होते, म्हटलं पुन्हा येऊ. ती ऐकेना. एक पाहून दुसरं न पाहता घरी जाणं तिला अन्यायाचं वाटायचं. तिचं म्हणणं बरोबरच होतं. १८३५ मध्ये गुलामगिरी उठली म्हणून मळेवाल्यांना आपल्याकडची माणसं हवी होती. एक दार बंद होताना दुसरं उघडलं. आपल्याकडच्या लेखांत गिरमिटियांबद्दल, म्हणजे या करारबद्ध मजुरांबद्दल, पानंच्या पानं असतात, त्यांच्या आधी त्याच उसात मेलेल्या आफ्रिकनांबद्दल चार ओळीही नसतात. हे मला तिने न बोलता, नुसतं रस्ता ओलांडायला लावून, सांगितलं.

तिच्या बाकी सवयींत सर्वांत ठाम सवय म्हणजे अभिप्रायाची वही. प्रत्येक प्रदर्शनात दाराशी एक वही असते. लोक फ्रेंचमध्ये लिहितात, क्वचित इंग्रजीत. तांतीन देवनागरीत लिहायची, गोल, शाळामास्तरणीच्या अक्षरात: चित्राचं नाव, त्यात काय आवडलं, तारीख, सही. चित्रकाराला ते वाचता येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक असे. मी विचारलं तर म्हणाली, "तो कोणाकडून तरी वाचून घेईल. तेवढे निमित्त तरी त्या दोघांत बोलण्याचे होईल." मॉरिशसच्या लोकसंख्येत मराठी मंडळी दोन टक्क्यांच्या आसपास. त्यांतल्या एकीने बेटातल्या किती वह्या भरल्यात याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

गणपतीत तिथे सार्वजनिक सुट्टी असते. त्या वेळी ती मला कास्कावेलच्या बाजूला जुन्या मराठी वस्तीत घेऊन गेली आणि मी कोकणातला जाखडी नाच पाहिला. माझं आजोळ रत्नागिरीकडचं. लहानपणी अंगणात ढोलकीवर फेर धरून नाचणारी माणसं, पायातली घुंगरं, सगळं ओळखीचं. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून लांब ती पावलं तशीच पडत होती. मी डोळे पुसत होते आणि तांतीन शेजारी बसून मला टोकत होती: रडू नंतर, आधी तिसऱ्या मुलाचा हात बघ, तो चुकतोय. चित्रासमोर बसावं तशीच ती तिथेही बसली होती.

आता आम्ही पुण्यात परतलो आहोत. रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. आपलं घड्याळ त्यांच्यापुढे दीड तास, त्यामुळे आमचं जेवण चालू असतं. ती प्रकृती विचारत नाही, पाऊस विचारत नाही. विचारते, "या आठवड्यात आपण काय पाहिले?" या प्रश्नाला उत्तर असावं म्हणून मी बालगंधर्वचं कलादालन ओळखीचं करून घेतलं, पदवी घेतलेल्या पोरांची प्रदर्शनं पाहिली, त्यांना कॅनव्हासचा भाव विचारला. काही वेळा पाहण्यासारखं काहीच नव्हतं. तेही मी तिला सांगितलं. तर तिचा पुढचा प्रश्न: "पण गेलात ना?"

हे देणं फेडायची सोय नाही, कारण ती काही घेतच नाही. मी पाठवलेली साडी तिने नातसुनेला दिली. म्हणून तुमच्याकडे मागते. मॉरिशसला हल्ली आपल्याकडून पुष्कळ जोडपी, कुटुंबं जातात. समुद्र पाहून झाला की एक दिवस पोर्ट लुईला द्या. घाट आणि गुलामगिरीचं संग्रहालय दोन्ही पाहा, कुठे चित्रं लावलेली दिसली तर आत शिरा, एका चित्रापुढे बसा, आणि दारातल्या वहीत मराठीत दोन ओळी लिहा. फक्त रविवारी जाऊ नका. रविवारी पोर्ट लुई बंद असतं.