हाताला काम

मन उतरलेलं असलं की सगळ्यात आधी जातं ते ठरवण्याचं बळ. भाजी कुठली करायची, फोन आत्ता करायचा की संध्याकाळी, आधी अंघोळ की आधी चहा, प्रत्येक प्रश्न अंगावर येतो. अशा माणसाला ‘एखादा छंद लावून घे’ असं सांगितलं की त्याच्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. दुरुस्तीच्या कामाचं मोल मला इथे कळतं. मोडलेली वस्तू स्वतःच सांगते काय हवंय ते. स्टुलाचा पाय हलतोय, घट्ट करा. अभ्र्याची शिवण उसवलीय, घाला. ठरवायचं काही राहत नाही, करायचं तेवढं राहतं.

*

आजेसासूबाईंचा सागवानी पाट माळ्यावर पडून होता. त्यावर ऑइलपेंटचे थर: वर हिरवा, त्याखाली तपकिरी, त्याच्याही खाली लाल. गेल्या हिवाळ्यात मन पार बसलेलं असताना तो खाली काढला आणि गॅलरीत जुन्या पोत्यावर घेऊन बसले.

रंग खरवडायला सुतार काचेचा तुकडा वापरतात, ही जुनी रीत. काचेची सरळ कड लाकडावर थोडी कलती धरायची, दुसऱ्या बाजूला जाड फडकं गुंडाळायचं आणि आपल्याकडे ओढायचं. सुरुवातीला नुसती रंगाची पूड पडते. आवाज कोरडा, खरखरीत. मग मध्येच तो बदलतो, मऊ सर्रर होतो आणि काचेखालून लाकडाची पातळ, कुरळी साल सुटू लागते. याचा अर्थ रंग संपला, साग लागला. तो आवाज ऐकायला कान तिथेच ठेवावा लागतो. दुसरीकडे गेला की काच रुतते आणि ओरखडा उठतो.

त्यानंतर पॉलिश पेपर: आधी 80 नंबरचा, मग 120, मग 220. आकडा चढतो तसा कागद मऊ होत जातो. घासायचं लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच, आडवं घासलं की पॉलिशखाली ओरखडे उठून दिसतात. लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून ठेवलेली. कापसाचा बोळा जुन्या मऊ सुती कापडात बांधायचा, लाखेत बुडवून पिळायचा आणि एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा. मध्ये थांबायचं नाही. स्पिरिट उडून जातं, हात पातळ असेल तर थर लगेच वाळतो, मग पुढचा. चौथ्या-पाचव्या हाताला लाकूड आतून तांबूस दिसायला लागतं.

चार कोपऱ्यांची पितळी फुलं चिंचेनं घासली. चिंचेतल्या आम्लानं पितळेवरचा काळा थर निघतो, हे आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे.

*

काळजीला शेवट नसतो. तोच विचार शंभर वेळा केला तरी तो पुढे सरकत नाही आणि कमीही होत नाही. लाकूड मात्र प्रत्येक ओढीला उत्तर देतं: निघालं, नाही निघालं, इथे अजून थोडं. मला वाटतं, दिलासा या उत्तरात आहे. आपण काही केलं आणि त्यानं जगात काही बदललं, एवढी खात्री मन उतरलेल्या माणसाला दिवसभरात कुठेच मिळालेली नसते.

*

मूड आला की काम करीन, असं आपण म्हणतो. मानसोपचारातली एक पद्धत नेमकी याच्या उलट बाजूनं सुरू होते. 1970 च्या दशकात पीटर लेविन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मांडलं की खिन्न माणूस हळूहळू सगळ्यातून अंग काढून घेतो, त्यामुळे बरं वाटायला लावणारे अनुभवही बंद होतात आणि तो आणखी खाली जातो. म्हणून आधी कृती, छोटी आणि ठरलेल्या वेळी. मन मागून येतं.

या पद्धतीची मोठी चाचणी आपल्या शेजारी, गोव्यात झाली. ‘संगत’ या संस्थेनं मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांबरोबर 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 495 रुग्णांवर केलेला हा अभ्यास 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सगळ्यांना बऱ्यापैकी तीव्र नैराश्य होतं. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी, आणि त्यांचा गाभा हाच: रोजच्या जगण्यातलं काय सुटलंय, त्यातलं काय पुन्हा सुरू करता येईल. तीन महिन्यांनी हे समुपदेशन मिळालेल्या गटातल्या 64 टक्के लोकांची लक्षणं ओसरली होती, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात 39 टक्के. हे आकडे वाचून मला फार आनंद झाला होता. आजही होतो.

*

वाकळ. पुण्यात गोधडी म्हणतात, आमच्या सांगलीकडे वाकळच. जुन्या नऊवारी लुगड्यांचे थर एकावर एक पसरायचे, सुरकुती काढायची, आधी लांब कच्चे टाके घालून थर जागेवर बसवायचे. मग काठापासून धावदोरा सुरू करून चौकोनी फेऱ्या मारत आत आत जायचं. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा थोडी लहान.

मावशीकडे गेले होते. ती तुळईखाली वाकळ पसरून बसली होती. माझ्याकडे पाहून तिनं ‘काय झालंय तुला’ असं विचारलं नाही. म्हणाली, “बस हितं. ह्ये टोक धर आन् ताण जरा.” मी टोक धरलं. थोड्या वेळानं सुई हातात दिली. “मोठं टाकं घाल, बारीक बघायची गरज न्हाई.” दोघींच्या माना खाली, डोळे दोऱ्यावर. समोरासमोर बसून जे बोलवत नव्हतं ते त्या टाक्यांच्या लयीत आपोआप निघत गेलं. ती फक्त हुं म्हणत होती आणि मधूनच सांगत होती, दोरा संपत आला, गाठ मार.

माणूस गप्प झालाय असं वाटलं तर त्याला सल्ला देऊ नका. एखाद्या कामाचं दुसरं टोक त्याच्या हातात द्या.

*

कमलाबाई निंबकरांची आठवण ठेवली पाहिजे. जन्मानं अमेरिकन, मूळ नाव एलिझाबेथ लुंडी, लग्न करून निंबकरांच्या घरी आल्या. 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण देणारी शाळा सुरू केली, भारतातली पहिली. आजारी, अपंग, खचलेल्या माणसाला विणकाम, सुतारकाम, रोजची घरची कामं यांतून पुन्हा उभं करायचं, हे त्या शास्त्राचं मूळ. आपण ज्याला विरंगुळा म्हणून बाजूला सारतो, ते त्या उपचार म्हणून शिकवत होत्या.

*

गळका नळ हे सुरुवातीसाठी फार चांगलं काम आहे. मुख्य कॉक बंद करायचा, नळाचं डोकं पान्यानं सोडवायचं, आतला झिजलेला वायसर काढून नवा बसवायचा, नळ पुन्हा आवळायचा. वायसर दुकानात काही रुपयांत मिळतो, जुना दाखवायला बरोबर न्यायचा. अर्ध्या तासाचं काम, आणि त्या रात्री टपटप नसते. ज्याला रात्री झोप लागत नाही त्याला याची किंमत विचारा.

*

तेवढीही ताकद नसेल तर मेथी पेरा. पसरट कुंडीत किंवा जुन्या ट्रेमध्ये, खाली पाणी निघायला भोकं पाडून. दाणे रात्रभर भिजवायचे, मातीवर पसरायचे, वर मातीचा हलका थर, दोन वेळा पाण्याचा शिंतोडा. दोन-तीन दिवसांत मोड वर येतात. तीन-चार आठवड्यांत मूठभर भाजी.

*

काय करू नये, याबद्दल माझं मत पक्कं आहे. पडत्या काळात सबंध घर रंगवायला काढू नये. स्वयंपाकघराचा ओटा फोडू नये. हजारो रुपयांची ड्रिल मशीन आणि हत्यारांची पेटी घरात आणू नये. मोठं काम अर्ध्यावर राहिलं की ते येता-जाता डोळ्यांसमोर उभं राहतं आणि आपण कशालाच पुरे पडत नाही हा समज घट्ट करतं. व्हिडिओ बघत बसण्यातही अर्थ नाही. दुसऱ्याचे हात चालताना पाहून आपल्या हातांना काही मिळत नाही.

काम असं निवडावं जे एका बैठकीत संपेल, किंवा जिथे थांबू तिथून उद्या सहज उचलता येईल. पाट, वाकळ, विणकाम ही दुसऱ्या जातीची कामं. आणि शक्यतो कुणाच्या तरी उपयोगी पडणारं. सासऱ्यांच्या काठीला नवं रबर बसवलं तर ते दिवसातून दहा वेळा टेकलं जातं.

*

ज्याचे हात आधीपासून सगळ्यांसाठी राबताहेत त्याचं काय? दिवसभर धुणं, भांडी, डबे करणाऱ्या बाईला ‘हाताला काम दे’ हे सांगणं निर्दय आहे. तिला हवं असतं एक काम जे तिनं स्वतः निवडलंय आणि उद्या सकाळी पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार नाही. घासलेलं भांडं रात्री पुन्हा खरकटं होतं, शिवलेली वाकळ शिवलेली राहते. घरातल्यांनी तिला त्यासाठी एक दुपार मोकळी करून द्यावी.

*

आणि हे स्पष्ट सांगायला हवं. हाताचं काम आधार देतं, औषधाची जागा घेत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना भेटलंच पाहिजे. गोळ्या सुरू असतील तर पाट चकाकला म्हणून त्या बंद करायच्या नाहीत. जगणं नको असा विचार एकदा जरी येऊन गेला तरी एकट्यानं बसू नका, जवळच्या माणसाला लगेच सांगा. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिथे मराठीत बोलता येतं, फोनला पैसे पडत नाहीत, दिवस-रात्र कधीही. नंबर 14416. घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये तो आजच घालून ठेवा.