वेगळं रेशनकार्ड

राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी सरांनी मला विषय दिला, ‘वृद्धांसाठी शासनाची प्रगती’. ग्रंथालयात बसून पहिली दोन पाने भराभर लिहून काढली. १९९५ साली केंद्राने वृद्धांना महिना ७५ रुपये निवृत्तिवेतन सुरू केले, २००६ साली त्याचे २०० झाले. २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० वर आली. आपल्या राज्याच्या श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ मध्ये दीड हजारांवर गेली. चढता आलेख! मी खूश होतो.

२००७ च्या कायद्याशी मात्र थोडा अडखळलो. गरीब वृद्धांसाठी जिल्ह्यात निदान एक, दीडशे जणांचा वृद्धाश्रम राज्य सरकार ‘काढू शकेल’, असे त्यात आहे. ‘काढील’ असे नाही. (व्याकरणाच्या सरांना हा विध्यर्थ दाखवायला हवा.)

त्याच आठवड्यात आत्याआजीला तहसिलात न्यायची पाळी माझ्यावर आली. ती दादांची आत्या. ऐन तारुण्यात कपाळ पुसले गेले, मूलबाळ नाही. माहेरी परतली आणि दादांना तिनेच अंगाखांद्यावर वाढवले. आमच्याच घरात राहते, आमच्याच ताटात जेवते. तरी पेन्शन तिला हवी होती. “औषधाला, काकणाला दर वेळी हात पसरायला नको रे,” एवढेच तिचे म्हणणे.

एस.टी.त मी तिला पढवत होतो, “कुणी सांभाळत नाही म्हणून सांग.” ती खिडकीबाहेर बघत ‘हं, हं’ करत होती.

दोन तास रांगेत उभे राहिल्यावर कारकुनाने विचारले, “आजी, घरी कोण बघतं तुम्हाला?”

“बघतात की सगळी! हा काय, नातूच घेऊन आलाय.”

कारकुनाने पेन खाली ठेवला. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवे. मी मनातल्या मनात भागाकार केला. महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यात कुठले कुटुंब जगते, हे माझ्या दोन पानांत कुठेच नव्हते. तो माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, “आजींचं रेशनकार्ड वेगळं करून घ्या आधी. मग बघू.”

परतीच्या वाटेवर आत्याआजी बराच वेळ गप्प होती. आमचे गाव दिसू लागले तेव्हा म्हणाली, “म्हणजे माझं नाव तुमच्यातनं काढायचं?”

मला उत्तर सुचले नाही. कायदा सांगावा, तर त्यात निपुत्रिक वृद्धाने जवळच्या नातेवाइकावर, म्हणजे ज्याच्याकडे आपली मालमत्ता जाणार त्याच्यावर, दाद मागावी असे आहे. हिची मालमत्ता म्हणजे एक पत्र्याची ट्रंक. आणि नातेवाईक म्हणजे दादा.

दादांनी नाव कमी करायचा अर्ज आणून ठेवला आहे. आठ दिवस झाले, तो देवळीत कुंकवाच्या करंड्याखाली आहे. अंगठा कुठे उठवायचा ते मी आत्याआजीला दोनदा दाखवले. ती म्हणते, “श्रावण जाऊ दे.” प्रकल्प द्यायची तारीख त्याच्या आधीची आहे.