एक डॉलरचे नाव

नकाशा टांगला की आमच्या वर्गातली मुले आधी अरबस्तान शोधतात. मक्का, मदिना बोटाने दाखवायची सगळ्यांनाच घाई असते. परवा एकाने मक्केच्या पूर्वेकडे, दूर बोट नेले आणि विचारले, "सर, इधर कुछ लिखा क्यों नहीं?"

ते रुब अल खाली, वाळूचा ओसाड मुलूख. पुस्तकात एवढेच सांगून पुढे जाता आले असते. पण आमची उर्दू शाळा आहे, मुले पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांतली. कुणाचे वडील मराठवाड्यातून आलेले, कुणाचे बिहारमधून. प्रवासाची गोष्ट त्यांना आवडते. म्हणून आम्ही रिचर्ड बर्टनची गोष्ट काढली.

बर्टन कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी. 1842 साली मुंबईत उतरला आणि एका पारशी मुन्शीकडे हिंदुस्थानी शिकू लागला. पुढे गुजराती आणि मराठीच्याही परीक्षा दिल्या. 1852 मध्ये त्याने लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे योजना मांडली : अरबस्तानच्या नकाशावरची कोरी जागा आपण पालथी घालू. कंपनीच्या संचालकांना ते धोक्याचे वाटले. तीन वर्षांची रजा नाकारून त्यांनी एकच वर्ष दिले, तेही अरबी शिकण्याच्या नावाखाली. मग बर्टनने हजच्या वाटेने जायचे ठरवले. गैरमुस्लिमांना मक्केत प्रवेश नाही, म्हणून वेष बदलून.

त्याची तयारी ऐकताना मुले अगदी रंगली. पाण्यासाठी बकऱ्याच्या कातड्याची पिशवी, मिसवाक, मोठी पिवळी छत्री, जाड मण्यांची तसबीह, फुलाफुलांची हिरवी औषधपेटी. कुरआन ठेवायच्या गळ्यातल्या पिशवीत घड्याळ आणि होकायंत्र. तांदूळ, खजूर, चहा, साखर, एक छोटा तंबू. हिंदी मुसलमान पाण्याचा पेला कसा धरतो, बिस्मिल्ला कधी म्हणतो, हेसुद्धा त्याने टिपून ठेवले होते.

पण सगळ्यात मोठी तयारी नावाची होती. 1853 च्या एप्रिलमध्ये तो इराणी 'मिर्झा अब्दुल्ला' बनून निघाला. अलेक्झांड्रियाच्या इंग्रज वकिलातीत एक डॉलर भरला आणि दाखला मिळाला : अब्दुल्ला, हिंदी-ब्रिटिश प्रजाजन, धंदा हकिमी, वय तीस. कैरोत हाजी वली नावाच्या स्नेह्याने सल्ला दिला की इराणी राहू नकोस; अरबस्तानात लोक तुच्छ लेखतील आणि पैसेही जास्त घेतील. झाले, मिर्झाचा पठाण झाला. हिंदुस्थानात जन्मलेला, रंगूनला शिकलेला. बोलण्यात चूक झाली तरी खपून जावी, असा सगळा हिशेब.

सुएझला सोबत्यांनी त्याच्या सामानात सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचे यंत्र पाहिले. मोहम्मद नावाच्या मक्केच्या पोराने सरळ सांगितले, हा काफिर आहे. बाकीच्यांनी त्यालाच गप्प केले. बर्टनने यंत्र तिथेच सोडले आणि आठवडाभर पाची वक्त नमाज नेमाने पढला. जुलैत तो मदिनेला पोहोचला. तिथे शेख हमीद या सोबत्याने त्याला स्वतःच्या घरी उतरवून घेतले. सप्टेंबरात मक्का. कोऱ्या जागेपर्यंत मात्र तो गेलाच नाही. जिद्द्याहून परत फिरला. तरीही पुस्तक लिहून नाव कमावले.

गोष्ट संपली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचा मोठा भाऊ चाकणला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. भावाने खोली घेताना दुसरेच नाव सांगितले होते. महिन्याभराने आधार कार्ड मागितले, तेव्हा उघड झाले. मुलगा म्हणाला, "सर, उसको सब शाबाश बोले. हमारे भाई को रूम खाली करने को बोले."

वर्ग हसला नाही. आम्हीही काही बोललो नाही, कारण आमचीही एक गोष्ट होती.

आमचे आडनाव देशमुख. बी.एड. होऊन नोकरी लागली, तेव्हा शाळेजवळ घर शोधत होतो. फोनवर एजंटने विचारले, "आडनाव?" आम्ही म्हणालो, "देशमुख." तो खूश झाला. "आपलेच लोक पाहिजेत मालकांना." तिथे आम्ही पूर्ण नाव सांगू शकत होतो. सांगितले नाही. खोटे बोललो नाही, एवढेच मनाला बजावले. घर पाहिले, भाडे ठरले. कागदपत्रे दिली, त्या संध्याकाळी फोन आला : मालकांचा पुतण्या गावाहून येतोय. बायको सामान बांधून बसली होती. तिने पेटीची दोरी सोडली आणि विचारले, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" मालकाचा राग पुढे निवला. तो प्रश्न अजून आहे.

मुलांना आम्ही हे सगळे सांगितले. सरही नावाच्या बाबतीत गप्प बसले होते, हे त्यांना कळायला हवे होते. फरक एवढाच की बर्टनला नाव बदलून पुढे जायचे होते आणि काम झाल्यावर घरी परतून ते उतरवून ठेवायचे होते. आमच्या पोरांना फक्त कामावरून येऊन पाठ टेकायची असते. आणि अनोळखी हकिमाला घरात घेणारा शेख हमीद फसवला गेला, म्हणून त्याची मेहमाननवाजी खोटी ठरत नाही.

त्या मुलाच्या भावाला आता खोली मिळाली आहे. पूर्ण नाव सांगून. भाडे पाचशे रुपये जास्त आहे. मुलाने हे सांगितले, तेव्हा आम्हाला कैरोचा हाजी वली आठवला. पण मुलगा हसत होता. म्हणाला, "सर, भाई ने दरवाजे पर नाम लिखा है. मेरे से लिखवाया. उर्दू में भी, मराठी में भी."

आम्ही विचारले, मराठीत ऱ्हस्व-दीर्घ नीट काढलेस ना?