पस्तीस घोड्यांची स्पोर्ट्स कार

'स्पोर्ट्स कार' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे. लाल रंग, जमिनीला टेकलेलं पोट आणि शनिवारी रात्री कोरेगाव पार्कात दोन स्पीडब्रेकरच्या मधल्या पन्नास फुटांत काढलेला प्रचंड आवाज. आमच्याकडे जी आहे तिचा रंग पिस्त्याचा (आईच्या मते पिस्ता बर्फीचा), पोट चांगलं उंच आणि ताकद साधारण पस्तीस हॉर्सपॉवर. सिग्नलला कुठलीही हॅचबॅक तिला आरामात मागे टाकते. तरीही मी तिला स्पोर्ट्स कार म्हणते, आणि माझ्याकडे पुरावा आहे.

गाडी आहे स्टँडर्ड हेरल्ड. नाव ऐकलं नसेल तर तुमचा दोष नाही. साठच्या दशकात आपल्याकडे नवी गाडी घ्यायची म्हणजे मुख्यतः तीनच नावं होती, ॲम्बॅसेडर, फियाट आणि हेरल्ड. पैसे भरायचे, नंबर लावायचा आणि वाट बघायची. हेरल्ड मूळची इंग्लंडची, ट्रायम्फ कंपनीची, १९५९ सालची. डिझाइन जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन गृहस्थाचं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं ती इथं बनवली, १९७१ पर्यंत. आता पुरावा. १९६२ मध्ये ट्रायम्फनं याच हेरल्डची चासी आखूड करून, त्याच मिकेलोत्तीकडून वरचा साज नवा शिवून घेऊन एक टू-सीटर काढली. तिचं नाव स्पिटफायर. पुढच्या बाजूला आख्खं उघडणारं बॉनेट तेच, मागचा आडवा कमानपाटा तोच. म्हणजे आमची गाडी स्पिटफायरची सख्खी थोरली बहीण. घरातल्या धाकटीनं नाव काढलं म्हणून थोरलीला विसरायचं का?

आणखी एक गोष्ट सांगते, कारण पुढे ती कामाला येणार आहे. हेरल्डच्या वेळी ट्रायम्फला आख्खी बॉडी एकसंध बनवून देणारा कारखानाच मिळेना. नेहमीचा पुरवठादार प्रतिस्पर्धी कंपनीनं विकत घेतला होता. मग त्यांनी वेगवेगळे भाग वेगवेगळ्या ठिकाणी बनवून ते चासीवर बोल्टनं जोडले. त्यामुळे हेरल्ड म्हणजे मोठ्या माणसांचा मेकॅनो आहे. छत, बॉनेट, मागचा भाग, सगळं पाना लावून सुटं होतं.

आमची हेरल्ड आजोबांनी १९६७ मध्ये घेतली, दोन दरवाजांची. बाबा तिच्यावरच गाडी शिकला. लग्नानंतर आईला घेऊन महाबळेश्वरला गेला तेही हिच्यातूनच, आणि आईला त्या प्रवासातलं फक्त पसरणीच्या घाटात रेडिएटरमध्ये पाणी ओतणं आठवतं. १९८९ मध्ये घरात मारुती आली आणि हेरल्ड 'तात्पुरती' गॅरेजमध्ये गेली. पुण्यात बंगल्याच्या गॅरेजमध्ये तात्पुरतं गेलेलं काय होतं ते तुम्हाला माहीत असेलच. तिच्यावर कुलर आला, गाद्या आल्या, आकाशकंदील आले, माझी पहिली सायकल आली. मी लहानपणी तिला गाडी समजतच नव्हते, ते आमचं एक मोठं कपाट होतं.

मग गेल्या वर्षी प्रभात रोडवरच्या आमच्या बंगल्याचं रिडेव्हलपमेंट ठरलं. करारात बंगला रिकामा करून द्यायची तारीख होती, पाच महिन्यांनंतरची. भंगारवाला आला, एक चक्कर मारली आणि किलोवर भाव सांगितला. बाबा म्हणाला, "देऊन टाक."

हे तो हळू म्हणाला. बाबा आता सगळंच हळू म्हणतो. त्याला पार्किन्सन्स आहे. हात थरथरतो हे सगळ्यांना दिसतं, पण या आजारात आवाजही बारीक होत जातो हे घरात राहिल्याशिवाय कळत नाही. दोनदा 'काय?' विचारलं की तो बोलणंच सोडून देतो. लायसन्सची मुदत संपली तेव्हा त्यानं ते स्वतःहून रिन्यू केलं नाही. टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून रिक्षा. त्या लायसन्सबद्दल आम्ही घरात कधी बोललो नाही. मला हेरल्डचं प्रेम वगैरे काही नव्हतं हो. पण हीदेखील तशीच टेबलावर ठेवल्यासारखी जाणार, हे मला बघवेना. मी म्हटलं, निदान गेटमधून स्वतःच्या चाकांवर बाहेर पडू दे.

ऑफिसात हे सांगितल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. हिंजवडीत प्रत्येक तिसऱ्या माणसाला गाड्यांमधलं कळतं. "छत उडव, कन्व्हर्टिबल कर." (बोल्ट आहेतच!) "मारुतीचं इंजिन टाक, एसी बसव, मॅट ब्लॅक मार." एकानं तर प्रेझेंटेशन पाठवलं. हे सगळं करता येतं आणि इंस्टाग्रामवर छान दिसतं. पण मग ती आमची गाडी उरत नाही, आणि यात सरकारही माझ्या बाजूनं निघालं. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते, पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल केलेले चालत नाहीत. नव्यानं नोंदणी करायची तर फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. आधीपासून नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. आमचा नंबर एमएच-१२ च्या आधीचा. कन्व्हर्टिबलचा विषय तिथंच संपला.

उस्ताद सापडले नाना पेठेत. वय सत्तरीपुढे, आता फक्त मनाला येईल ते काम घेतात. त्यांनी बॉनेट पुढे उलगडलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ताई, चाबी लावली नाही ना कोणी?" नव्हती लावली. "बहोत अच्छा."

हे तुम्हीही लक्षात ठेवा. घरात अशी बंद पडलेली गाडी किंवा बाइक असेल तर उत्साहानं बॅटरी जोडून स्टार्टर मारू नका. इतक्या वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असतात. जोर लावला तर काहीतरी तुटतं आणि जे चालू होऊ शकलं असतं ते खरंच भंगार होतं. उस्तादांनी चारही प्लग काढले, भोकांतून ऑइल आणि डिझेलचं मिश्रण ओतलं आणि निघून गेले. रोज थोडं ओतायचं, पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हलकेच बघायचं, हललं नाही तर सोडून द्यायचं. सकाळी स्टँड-अप कॉलच्या आधी मी हे करायचे. नवव्या दिवशी पाना हातभर फिरला. इतका आनंद मला प्रमोशनच्या मेलनंही झाला नव्हता.

बाबा या काळात गॅरेजकडे फिरकला नाही. आई म्हणाली, मागे लागू नकोस.

इंजिन सुटलं म्हणून लगेच चालू करायचं नव्हतं. उस्तादांचा क्रम ठरलेला होता, आधी ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे आतून सगळं गंजलेलं. चारही चाकांचे सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर उघडले. मग पेट्रोलची टाकी. तिच्यातून जे निघालं ते पेट्रोल नव्हतं, फर्निचरचं पॉलिश होतं. टाकीत रॉकेल आणि लोखंडी साखळी टाकून दोघांनी ती पाळण्यासारखी हलवली. रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, कारण आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. ती सोडवायला पेडल लाकडाच्या ओंडक्यानं दाबून ठेवलं. चार दिवस, रात्रंदिवस. सीटच्या आत उंदरांच्या पिढ्या नांदून गेल्या होत्या, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तुम्ही हे कदाचित ब्रेकफास्टला वाचत असाल.

सुट्या भागांसाठी मी रविवारी जुन्या बाजारात गेले. हेरल्डचं काही मिळालं नाही, पितळी दिवा घेऊन आले. चेन्नईच्या पुदुपेट बाजारातून थोडं आलं. बाकी इंग्लंडमधून. तिथं ट्रायम्फवेडे इतके आहेत की गाडी बंद होऊन पन्नास वर्षं झाली तरी भाग नव्यानं बनतात. मद्रासला बनलेल्या गाडीसाठी लिंकनशायरहून कुरिअर आणि वर कस्टम ड्यूटी. एक आख्खी पगारवाढ तिथं गेली.

एका शनिवारी उस्ताद पुढच्या चाकाशी ग्रीसगन घेऊन बसले होते. दारातून आवाज आला, "ग्रीस नको."

आम्ही दोघांनी वर बघितलं. बाबा उभा होता, एक हात दाराच्या कडीवर.

"तिथं ऑइल. नव्वद नंबर. गियरचं."

उस्ताद म्हणाले, "साहेब, निपल तो ग्रीस का है."

"दिसतं तसं. पण ऑइलच. ट्रनियन आहे तो." आणि मग, जरा थांबून, पण ऐकू येईल इतक्या आवाजात, "ग्रीस घट्ट होतं, आट्यांपर्यंत जात नाही. आत पाणी जातं. मग एक दिवस चाक आडवं पडतं."

उस्तादांनी ग्रीसगन खाली ठेवली. वाद घातला नाही, सांधा खोलला. एका बाजूचा ठीक होता. दुसऱ्या बाजूच्या पोलादी दांड्याला, आट्यांच्या मुळाशी, गंजानं घास घेतलेला होता. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्या दांड्यावर आख्खं पुढचं चाक उभं असतं. उस्तादांनी तो तुकडा पुसून बाबाच्या हातात दिला आणि विचारलं, "और क्या क्या याद है, साहेब?"

बरंच याद होतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये वेताची खुर्ची आली. मी काही चमत्कार सांगत नाहीये. बाबाचा हात तसाच थरथरतो, आवाज संध्याकाळी तसाच खाली जातो. पॉइंटची गॅप लावायचा त्यानं एकदा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि त्यानं स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे दिला. चिडला नाही, पण तो दिवसभर गप्प होता. कान मात्र त्याचे शाबूत आहेत. इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा मोजून चार सेकंद चाललं, कार्ब्युरेटरमध्ये बाटलीनं पेट्रोल टाकून. गल्लीभर निळा धूर झाला आणि शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कुठे आग लागली आहे का?' असा मेसेज पडला. तिसऱ्यांदा ते नीट चाललं. मी आणि उस्ताद हसत होतो आणि बाबा डोळे मिटून म्हणाला, "तिसऱ्याचा टॅपेट." उस्तादांनी गेज लावून बघितलं. तिसऱ्याचाच होता.

कागदपत्रं, इन्शुरन्स, तपासणी हे सगळं झालं, त्याचं वर्णन मी टाळते. सरकारी ऑफिसची वर्णनं तुम्ही पुष्कळ वाचली आहेत. कागद हातात आला तेव्हा बंगला रिकामा करायला सहा दिवस उरले होते.

एक गोष्ट मात्र कुणीच धरली नव्हती. नव्या बिल्डिंगमध्ये आम्हाला मिळणारं पार्किंग स्टॅकमधलं आहे, एकावर एक लोखंडी पाळणे. तिथं हेरल्ड ठेवायला उस्तादांनी साफ मनाई केली. म्हणून भूगावच्या पुढे एक शेड भाड्यानं घेतली. प्रभात रोड ते भूगाव, मध्ये कर्वे रस्ता आणि चांदणी चौकाचा चढ. चालवणार मी, शेजारी बाबा, मागे स्कूटरवर उस्ताद, हँडलला पाण्याचा कॅन.

आधी गल्लीतच चार दिवस शिकवणी झाली. या गाडीचा पहिला गियर चालत्या गाडीत पडत नाही, पूर्ण थांबावं लागतं. बाबा डाव्या सीटवरून माझ्या पायांकडे बघायचा आणि "थांब. आता." म्हणायचा. वळणावर ॲक्सिलरेटर झटकन सोडायचा नाही, मागची चाकं आत दुमडतात. पण यू-टर्न! हेरल्ड पंचवीस फुटांत वळते. आमच्या गल्लीत जिथं शेजारच्या एसयूव्हीला तीनदा मागे-पुढे करावं लागतं तिथं मी एका झटक्यात वळले आणि वॉचमननं सलाम ठोकला.

कर्वे रस्त्यावर बाबा सारखा वर बघत होता. हेरल्डनं हा रस्ता शेवटचा पाहिला तेव्हा वर आकाश होतं. आता नळ स्टॉपला दुमजली पूल आणि त्याच्यावरून मेट्रो. तापमानाचा काटा कोथरूडपर्यंत मध्यावर राहिला, मग सरकायला लागला. चांदणी चौकाच्या चढाला दुसरा गियर, मागे हॉर्न वाजवणारी रांग. मला घाम फुटला होता. "बाबा, थांबवू का?" त्यानं डॅशबोर्डवर हात ठेवला, तो थरथरणारा उजवा हात, आणि काहीतरी म्हणाला. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

"काय?"

तो पुन्हा म्हणाला. या वेळी ओरडून. "ओढतेय ती! चल!"

शेड बरी आहे. पत्रा गळत नाही आणि मालकाकडे मांजर आहे, म्हणजे उंदरांचा प्रश्न मिटला. व्हिंटेज नोंदणीच्या गाडीनं रोज ऑफिसला जाता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली आणि पेट्रोल-देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. बाबानं तो नियम चष्मा लावून दोनदा वाचला. सध्या दर रविवारी सकाळी सात वाजता त्याला हेरल्डमध्ये पेट्रोल कमी असल्याचा संशय येतो.