पुरानंतरची खतावणी
ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. गणपती पेठेतलं माझं हिशेबाचं ऑफिस तळमजल्यावर. २००५ चं पाणी भिंतीवर जिथवर चढलं होतं, त्याच्या हातभर वर मी फळी ठोकली होती. कॉम्प्युटर तिच्यावर ठेवला आणि निर्धास्त घरी गेलो.

पाणी ओसरल्यावर शटर उघडलं, तर सीपीयूत गाळ. बॅकअप रोज घ्यायचो, पण तो पेनड्राइव्ह त्याच खोलीतल्या कपाटात. चाळीसएक व्यापाऱ्यांचे हिशेब गेले होते. किराणा दुकानाचे एक काका रोज येऊन एवढंच विचारायचे, "साहेब, माझी उधारी निघंल का?"

जीएसटी पोर्टलवर भरलेली बिलं मात्र पार्टीवार शाबूत होती. ती उतरवून घेत आम्ही निम्मे हिशेब उभे केले. किरकोळ विक्री तिथे एकरकमी दिसते, त्यामुळे काकांची उधारी त्यात नव्हती. विम्याच्या सर्व्हेअरला व्यापाऱ्यांचा पुराच्या दिवशीचा स्टॉकही मी दाखवू शकलो नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आपल्याकडचं सगळं गेलं आणि लांबच्या सर्व्हरवरचं तेवढं राहिलं, ही गोष्ट मनातून जाईना.

त्या दिवाळीत वहीपूजन झालं आणि मी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर नेलं.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा पेठेत शिरलं. विश्रामबागेत बहिणीच्या घरी लॅपटॉप उघडून मी प्रत्येकाची स्टॉकची यादी काढली. काकांचा दावा त्याच कागदांवर मंजूर झाला.

ऑगस्ट २०२२ पासून कंपन्यांना कॉम्प्युटरवरच्या हिशेबांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. पेठेतल्या एकट्याच्या मालकीच्या दुकानांना हा नियम नाही, तरी त्यांनीही भाड्याच्या सर्व्हरवर जावं असं मी सांगत असतो. मात्र भाडं थकलं की दार बंद होतं. एका व्यापाऱ्याचं ऐन मार्चअखेरीला तसं झालं. तेव्हापासून आपला डेटा परत कसा आणि किती दिवसांत मिळेल, हे मी आधी लिहून घेतो. शिवाय दर शनिवारी एक प्रत विश्रामबागेत नेऊन ठेवतो.

"माझी वही आता असती कुठं?" काकांनी परवा विचारलं. मुंबईत, मी म्हटलं. त्यांना ती बघायची होती. मी उधारीचं पान छापून दिलं. चष्मा लावून त्यांनी एकेक नाव वाचलं, मग घडी करून खिशात ठेवलं.