उंच फळी

आमच्या गोव्याकडील घरी पावसाळ्याआधी पुरुमेंत, म्हणजे चार महिन्यांची बेगमी, होत असे. हैदराबादेस आल्यावर मात्र आम्ही निर्धास्त झालो. शेजारच्या आजीबाई घरचे कागद उंच फळीवर ठेवीत. आम्ही मनात हसत असू. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर आला, तेव्हा अफझलगंजच्या चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, हे त्यांनी आपल्या आजीकडून ऐकले होते. पुढे पूर थोपविण्यासाठी उस्मानसागर व हिमायतसागर बांधले गेले, तरी आजीबाईंची फळी काही खाली आली नाही. २०२० च्या ऑक्टोबरात एका रात्री आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरले. आमचे पदवीपत्र खालच्या कप्प्यात होते. आणि मुसीचा पूर तर आम्ही वर्गात शिकवीत आलो होतो! आता आमच्याही घरी फळी आहे. मुले कारण विचारतात, तेव्हा आम्ही त्या चिंचेपासून आरंभ करतो.