टपावरचे ओझे

घरात ठेवलेले ओझे घसरले तर ते आपल्याच पायावर पडते. परंतु मोटारीच्या टपावर बांधलेले ओझे सुटले, तर ते मागून येणाऱ्या परक्या माणसावर जाऊन आदळते. ओझे आपले आणि इजा दुसऱ्याची, असा हा विपरीत व्यवहार आहे. म्हणूनच टपावर बसवायचा कॅरिअर निवडणे ही केवळ सोयीची बाब नसून त्यात आपल्या शेजारधर्माची कसोटी आहे, असे मला वाटते. वाचकांपैकी कित्येकांना हा विषय क्षुल्लक वाटेल. तथापि मला गेल्या काही महिन्यांत त्याचा बराच विचार करावा लागला, आणि तो विचार इतरांच्याही उपयोगी पडेल या आशेने येथे मांडत आहे.

प्रसंग घडला तो असा. देवास येथील आमच्या तरुण मंडळाला एका हितचिंतकाने दोन कयाक दिल्या. कयाक म्हणजे अरुंद, वरून झाकलेली, एका माणसाची होडी. उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशातील शिकारी लोक लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. आता ती प्लास्टिकची किंवा कृत्रिम धाग्यांची बनते. मध्यभागी पाय लांब करून बसावयाचे आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने उजवीकडे-डावीकडे पाणी मारीत पुढे जावयाचे. मुलांचा आनंद गगनात मावेना. मला मात्र एकच प्रश्न पडला : ही होडी पाण्यापर्यंत न्यावयाची कशी?

धार आणि देवास ही पवार घराण्याची जुनी संस्थाने. मराठी कुटुंबे येथे कित्येक पिढ्या नांदत आहेत. दोन्ही शहरे माळव्याच्या पठारावर वसलेली असून नर्मदा मात्र दोन्ही जिल्ह्यांच्या दक्षिण सीमेवरून, पुष्कळ खालून वाहते. देवास जिल्ह्यात ती नेमावरला भेटते. धार जिल्ह्यात खलघाट आणि धरमपुरी येथे. त्याहून पश्चिमेस निसरपूर-चिखलदा भागात सरदार सरोवराचे पाणी पसरले आहे. 2019 साली ते धरण 138.68 मीटरांच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले, तेव्हा तेथील वस्त्या पाण्याखाली गेल्या. शेजारच्या खरगोन जिल्ह्यात महेश्वरजवळ सहस्रधारेचा खळाळता प्रवाह आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये 'खेलो इंडिया' युवा स्पर्धेतील कयाक-कनूच्या स्लॅलम शर्यती तेथे झाल्या. याच राज्यात, ग्वाल्हेरला वाढलेल्या प्राची यादव हिने पायांचे अपंगत्व असूनही वल्हे हाती धरले आणि 2021 साली टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. अशा उदाहरणांनी मुलांची मने पेटतात, यात नवल नाही. परंतु देवासहून नेमावरला जावयाचे म्हणजे शंभर किलोमीटरांहून अधिक रस्ता तुडवावा लागतो, आणि कोकणातल्याप्रमाणे येथे होडी दाराशी लोटता येत नाही. तिला आधी मोटारीवर स्वार व्हावे लागते.

आमची मोटार लहान आहे. आपल्या देशातील बहुतेक लहान मोटारींची लांबी 4 मीटरांच्या आत असते. कारण 2006 पासून तेवढ्या लांबीच्या गाडीस करात सवलत मिळत आली आहे. उलट शर्यतीची एका माणसाची कयाक 5 मीटर 20 सेंटिमीटरपर्यंत लांब असते, म्हणजे मोटारीहून होडीच मोठी! आमच्या कयाक सुदैवाने साध्या प्लास्टिकच्या, सुमारे 3 मीटर लांबीच्या निघाल्या. मापपट्टी घेऊन आम्ही प्रथम ही खात्री करून घेतली. कॅरिअर विकत घेण्यापूर्वी होडी मोजावी, मग मोटार मोजावी, आणि दुकानात सर्वांत शेवटी जावे, हा क्रम मी सर्वांना सुचवीन.

दुसरी गोष्ट वजनाची. मोटारीसोबत मिळणारे माहितीपुस्तक आपण डिकीत नाहीतर कपाटात टाकून देतो. परंतु टपावर किती किलो वजन चालेल हे त्यातच छापलेले असते. आमच्या गाडीची मर्यादा 50 किलो निघाली. या मर्यादेत कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरावयाचे असते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. उभ्या गाडीच्या टपावर चार माणसे बसली तरी तो वाकत नाही, म्हणून धावत्या गाडीवरही तेवढेच चालेल, असे समजणे धोक्याचे आहे. गाडी वळते, खड्ड्यात आदळते, एकाएकी थांबते. त्या वेळी तेच ओझे आपल्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावते. शिवाय वजन उंचावर गेले म्हणजे वळणावर गाडी कलण्याची भीतीही वाढते.

कॅरिअरचे तीन प्रकार आमच्यापुढे आले. पहिला, वेल्डरकडून बनवून घ्यावयाचा लोखंडी जाळीचा. जुन्या अँबॅसडर आणि पद्मिनी मोटारींच्या टपाच्या कडेला पावसाच्या पाण्यासाठी पन्हळ असे, व त्या पन्हळीला चाप लावून असले कॅरिअर घट्ट बसत. आजच्या मोटारींना ती पन्हळच नाही. शिवाय अशा कॅरिअरचेच वजन वीस किलोच्या घरात जाते. म्हणजे होडी चढण्यापूर्वीच निम्मी मर्यादा संपली. दुसरा प्रकार म्हणजे टपावर नुसत्या जाड गाद्या ठेवून पट्टे दारांतून आत घेऊन बांधावयाचे. हा स्वस्त व हलका असून गावातल्या गावात हळू नेण्यास ठीक आहे; परंतु लांबच्या पल्ल्यास मला तो भरवशाचा वाटला नाही. तिसरा प्रकार म्हणजे दोन आडवे दांडे, जे गाडीच्या त्या विशिष्ट बनावटीसाठी तयार केलेल्या चापांनी दाराच्या चौकटीवर पक्के बसतात. दांड्यांवर होडीसाठी मऊ गादी बसवितात, किंवा इंग्रजी 'जे' अक्षराच्या आकाराचा पाळणा बसवितात आणि त्यात कयाक कुशीवर उभी राहते.

येथे एक सावधगिरीची सूचना. अलीकडच्या पुष्कळ मोटारींच्या टपावर दोन्ही बाजूंना लांब दांड्या दिसतात. त्या पाहून वाटते, कॅरिअरची सोय झालेलीच आहे! परंतु कित्येक गाड्यांवर त्या केवळ शोभेच्या असतात. त्यांना ओझे बांधले तर त्या ओझ्यासकट निघून येतात. माहितीपुस्तक पाहिल्याखेरीज त्यांवर विसंबू नये.

मग आम्ही कागदावर बेरीज मांडली. एका कयाकचे वजन 22 किलो, दोहोंचे 44. आडवे दांडे 5 किलो. दोन कयाक सपाट शेजारी शेजारी ठेवाव्यात, तर प्रत्येकीची रुंदी पाऊण मीटर; दीड मीटर जागा आमच्या टपावर नाही. म्हणून दोन्ही कुशीवर उभ्या कराव्या लागणार, आणि त्यासाठी पाळण्यांचे आणखी 5 किलो. एकूण 54. मर्यादा 50 ची. मुलांपैकी एकजण म्हणाला, "फादर, चार किलोंनी काय होते? दुकानदारही म्हणत होता, सगळे नेतात." मी त्याला म्हटले, "बाळ, सगळे नेतात हे खरे. पण ही मर्यादा दुकानदाराने नाही, गाडी बनविणाऱ्याने घातली आहे. आणि चार किलो चालतात म्हटले, की उद्या आठही चालतात." तो गप्प राहिला, पण त्याचा चेहरा उतरला. दोन होड्या असून एकीनेच निघावयाचे, हे त्या वयात सोपे नसते.

वजनाहूनही मोठा शत्रू वारा आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने समोरून येणारा वारा दर चौरस मीटरवर सुमारे साडेसात किलो वजनाइतका रेटा देतो. ताशी 80 ला तोच रेटा सुमारे 30 किलो होतो. होडीचा आकारच असा, की वारा तिच्या पुढच्या टोकाखाली शिरतो व तिला वर उचलू पाहतो. त्यातच समोरून भरधाव मालट्रक गेला म्हणजे बाजूने एक थप्पड बसते ती वेगळीच. इंदूरहून खलघाटाकडे उतरताना धामणोदच्या अलीकडे गणपती घाट लागे. उतारावर मालट्रकांचे ब्रेक निकामी होऊन तेथे झालेल्या अपघातांनी तो कुप्रसिद्ध झाला. अशा उतरणीवर एकाएकी ब्रेक दाबावा लागला, तर टपावरची होडी बाणासारखी पुढे सुटू पाहते, हे ध्यानी ठेवावे.

म्हणून बांधणी चार ठिकाणी हवी : दोन्ही दांड्यांपाशी एकेक रुंद पट्टा, आणि होडीच्या पुढच्या व मागच्या टोकांपासून गाडीच्या खालच्या भक्कम कड्यांपर्यंत एकेक दोरी. दोन दांड्यांमधील अंतर गाडी देईल तेवढे अधिक ठेवावे. होडी कमी डोलते. पट्टा साध्या दातेरी चापाचा घ्यावा. खटक्याने आवळण्याच्या रॅचेट पट्ट्याने जोर कळत नाही व होडीचे अंग चेपते किंवा तडकते. माळव्यातील मे महिन्याच्या उन्हात तापून मऊ झालेले प्लास्टिक तर लवकरच आकार सोडते. ताणणारे रबरी पट्टे ओझे धरण्यासाठी कदापि वापरू नयेत. नायलॉनची दोरी भिजली म्हणजे सैल पडते, हेही लक्षात असू द्यावे. पट्ट्याला एखादा पीळ दिला तर तो वाऱ्यात गुणगुणत नाही. आणि सुटी टोके गुंडाळून बांधावीत, नाहीतर ती चाकात जातात. शेवटी होडी धरून हलवावी. तिच्याबरोबर सबंध गाडी हलली, तर बांधणी बरोबर. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरांवर थांबून पट्टे पुन्हा पाहावेत. कारण नवी बांधणी पहिल्या खड्ड्यांत बसून सैल होते.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, गाडीच्या अंगाबाहेर परवानगीच्या मर्यादेपलीकडे ओझे लोंबत असेल, मग ते बाजूस असो, पुढे-मागे असो वा उंचीत असो, तर 20,000 रुपये दंड आहे, आणि ते ओझे उतरविण्याचा खर्च वेगळा. शर्यतीची सव्वापाच मीटरची कयाक लहान मोटारीवर नेऊ पाहणाऱ्याने आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी, किंवा सरळ मोठे वाहन भाड्याने घ्यावे, हे उत्तम.

शेवटी आम्ही आडवे दांडे आणि एकच मऊ गाद्यांचा जोड घेतला. एका गाडीवर एकच कयाक, ती सपाट आणि मधोमध. वल्ही गाडीच्या आत. दुसऱ्या कयाकचा प्रश्न मुलांनीच सोडविला. खातेगावकडील एका ओळखीच्या शेतकऱ्याचे पिकअप वाहन माल घेऊन इंदूरच्या मंडईत येते व रिकामे परत जाते. त्याने गोणपाटांवर कयाक तिरकी ठेवून, बांधून, नेमावरपर्यंत पोहोचवण्याचे कबूल केले. ज्या मुलाचा चेहरा उतरला होता, तोच पिकअपवाल्या काकांशी बोलून आला होता. पहिल्या खेपेस त्याच्या आईने मला विचारले, "फादर, बांधणी नीट तपासलीत ना? मी पाण्याला भीत नाही. पोराला पोहता येते आणि अंगात तरंगणारे जाकीटही असते. मला रस्त्याची भीती वाटते." त्या माउलीच्या बोलण्यात सगळे आले. नदीवर जीव सांभाळण्याची साधने आपण आठवणीने घेतो, आणि नदीपर्यंतचा रस्ता मात्र गृहीत धरतो.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांना कयाक कधी न्यावी लागणार नाही. परंतु लेकीच्या लग्नाची गादी, पलंग, पत्र्याचे कपाट, कडब्याचे भारे किंवा पाण्याची टाकी आपण गाडीच्या टपावर चढवितोच. गेल्या वर्षी महामार्गावर एका जीपच्या टपावरून सुटलेली गादी मागच्या दुचाकीपुढे पडलेली मी पाहिली. दुचाकीवर नवरा, बायको आणि मध्ये लहान मूल होते. त्या माणसाने कशीबशी गाडी सावरली. जीपवाल्यास मात्र काही कळले देखील नाही, तो तसाच पुढे निघून गेला. सुटलेल्या ओझ्याचा हाच स्वभाव आहे. ते ज्याचे असते त्याला बहुधा शेवटी कळते.

म्हणून गाठ मारताना एकदा मागे वळून रस्त्याकडे पाहावे. आपल्या मागून कोण येणार आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. परंतु कोणीतरी येणार आहे, एवढे निश्चित असते. त्या न पाहिलेल्या माणसासाठी एक पट्टा अधिक आवळावा, चार किलो कमी चढवावे आणि वेग थोडा उतरवावा. यात आपले फारसे काही जात नाही. त्याचे सर्वस्व वाचते.